तेला-वायूवर तरंगणारी कामार्ग

एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत चासीवर, म्हणजे चाकं-इंजिनाच्या सांगाड्यावर, बसची बॉडी बांधतात, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. चासी कंपनीची, बॉडी आपली. युरोपात एकेकाळी शौकिनांच्या मोटारीही अशाच बनत. पुढे चासी आणि बॉडी एकजीव झाली, वळवलेला पत्राच सगळा भार पेलू लागला आणि बॉडी बांधणाऱ्यांचा धंदा आटला. अशा मोटारीला नवं रूप द्यायचं म्हणजे कपडे बदलून भागत नाही, हाडांनाच हात घालावा लागतो.

तरीही इटलीतल्या तुरिनच्या बेर्तोने या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने तो घातला. १९७२ च्या जिनिव्हा प्रदर्शनात तिने सित्रोएन कामार्ग ही मोटार मांडली. खालची सगळी यंत्रणा सित्रोएन जीएस या फ्रेंच घरगुती गाडीची, वरचा आकार मार्चेल्लो गांदिनीचा. लॅम्बोर्गिनीची मिउरा आणि कुन्ताश रेखाटणारा तो हाच. कामार्ग मात्र एकच बनली.

जीएसचं इंजिन फक्त १०१५ सीसीचं. पण त्याचे चार सिलिंडर उभे नसून दोन-दोन करून आडवे पडलेले, आणि थंड करायला हवा, म्हणजे समोर पाण्याचा उंच रेडिएटर नाहीच. त्यामुळे गांदिनीला बॉनेट खाली दाबता आलं. हे इंजिन पाहिलं की त्याला हीच गाडी का भावली असावी, ते कळतं.

खरी गंमत मात्र चाकांपाशी आहे. जीएसला पोलादी स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकाशी एक धातूचा गोळा असतो. त्यात एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला हिरवं तेल आणि मध्ये रबरी पडदा. चाक खड्ड्यातून उसळलं की दट्ट्या तेलाला ढकलतो. तेल काही दबत नाही, ते पडद्याला ढकलतं आणि दबतो तो वायू. इथे बॉइलचा नियम कामाला येतो: वायूची जागा निम्मी झाली की दाब दुप्पट. म्हणून लहान धक्का अलगद जिरतो, आणि चाक जितकं वर येईल तितका वायू जास्त हट्टी होत जातो. साध्या पोलादी स्प्रिंगला हा स्वभाव नसतो. तिला दर सेंटीमीटरला सारखंच बळ लागतं.

शिवाय मागे माणसं बसून गाडी खचली की एक झडप उघडते, इंजिनावर चालणारा पंप आणखी तेल धाडतो आणि गाडी पुन्हा पहिल्या उंचीवर येते. पॉल माजेस या सित्रोएनच्या इंजिनिअरने घडवलेली ही यंत्रणा १९५५ च्या डीएस गाडीने जगाला दाखवली. (डीएसचा आकारही एका इटालियन शिल्पकाराचा, फ्लामिनिओ बेर्तोनीचा. बेर्तोनी आणि बेर्तोने यांची गल्लत नेहमीची. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.)

कामार्ग विक्रीला कधी आली नाही, पण ही सोयरीक टिकली. १९८२ ची सित्रोएन बीएक्स बेर्तोनेत गांदिनीने आखलेल्या रेषांवरच उभी राहिली, आणि ती लाखोंनी खपली.

कामार्ग हे दक्षिण फ्रान्समधल्या, पांढऱ्या घोड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पाणथळ प्रदेशाचं नाव. १९७५ मध्ये ते रोल्स-रॉइसने आपल्या एका अवाढव्य मोटारीला दिलं. तिचा आकारही इटालियन, पिनिनफारिना या मोटारी रेखाटणाऱ्या कंपनीचा. आणि तिची उंची सावरणारी तेलाची यंत्रणा सित्रोएनकडून परवाना घेऊन वापरलेली.