गोळीनं गवा उडत नाही

बालेवाडीच्या रेंजवर ५० मीटर प्रकारात जी रायफल चालते, तिची शिशाची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. नळीतून सुटताना तिच्यात साधारण १४० ज्यूल ऊर्जा असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा समोरचं दहा गुणांचं वर्तुळ होतं १०.४ मिलिमीटरचं. त्या गोळीनं नेमक्या जागी पोचावं, एवढीच अपेक्षा. पण समोर आठशे किलोचं जनावर असेल तर रायफल कोणती हवी?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार संपवली, ते उत्तमच झालं. आफ्रिकेतल्या काही देशांत मात्र ती परवान्यावर चालते आणि रायफल कोणती चालेल हेही कायदाच सांगतो. हत्ती-रानम्हशीसारख्या धोकादायक जनावरांसाठी बऱ्याच ठिकाणी .३७५ बोअरच्या खाली परवानगी नाही. (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, हा आकडा इंचात असतो; .३७५ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. भारतात परवान्यावर मिळणारी .३१५ म्हणजे आठ मिलिमीटर.) नामिबियानं तर नियम सरळ ज्यूलमध्ये लिहिलाय: हरणातल्या मोठ्या जातींना किमान २७०० ज्यूल, हत्ती-रानम्हशीला किमान ५४००.

५४०० ज्यूल म्हणजे किती? स्वारासकट १७० किलोची ॲक्टिव्हा लक्ष्मी रोडवरून ताशी २९ किलोमीटरनं चालली असेल, तर तिच्यात एवढीच ऊर्जा असते. (लक्ष्मी रोडवर हा वेग पहाटेच मिळतो, ते सोडा.) पण ती ॲक्टिव्हा गव्याला धडकली तर गवा हलेल आणि गोळी लागली तर जवळपास हलणारही नाही. कारण धक्का ऊर्जेवर नाही, संवेगावर ठरतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. १९१२ पासून चालत आलेल्या .३७५ मॅग्नम काडतुसाची गोळी १९.४ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७७५ मीटरच्या आसपास. गुणाकार आला १५. स्कूटरचा येतो १३६० च्या घरात. १५ ला गव्याच्या ८०० किलोंनी भागा: गोळी पूर्ण अंगात रुतली तरी गव्याला मिळणारा वेग सेकंदाला दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे उडून काच फोडून जातो, ती सगळी दोरीची करामत.

गोळी ढकलत नाही, भोक पाडते. मग निवडताना पाहायचं ते हे, की भोक हृदयापर्यंत, फुप्फुसापर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोचेल का. हत्तीच्या कवटीत मेंदूभोवती पोकळ्यांनी भरलेलं हाडाचं जाड आवरण असतं. गव्याच्या खांद्यावर स्नायूंची भिंतच असते. इथं कामाला येतो तो गोळीच्या वजनाला (ग्रॅममध्ये) तिच्या व्यासाच्या (सेंटिमीटरमध्ये) वर्गानं भागून येणारा आकडा. तो जितका मोठा तितकी गोळी, बाकी सगळं सारखं असेल तर, खोल जाते. बालेवाडीच्या गोळीसाठी हा आकडा आठच्या आसपास, .३७५ साठी एकवीसच्या वर.

वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचं कोडं इथं सुटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले, आणि त्यातले बहुतेक ७ मिलिमीटरच्या रायफलीनं. आजच्या नामिबियाच्या नियमाच्या निम्मीच ऊर्जा तिच्यात! पण त्याची गोळी बारीक आणि लांबलचक, ११.२ ग्रॅमची होती. तिचा आकडा काढला तर तोही एकवीसच्या वरच येतो. शिवाय ती पूर्ण कवचाची, म्हणजे आत गेल्यावर न पसरणारी. उघड्या शिशाच्या टोकाची गोळी मांसात फुलते आणि रुंद जखम करते. हरणाला ती योग्य, हत्तीच्या कवटीला नाही. बेलनं हत्तीच्या कवट्या करवतीनं कापून मेंदू नेमका कुठं बसतो ते बघून घेतलं होतं. हे सगळ्यांना जमणारं नाही. नेम दोन बोटं चुकला तरी निभावून जावं म्हणून कायदा मोठा बोअर मागतो.

मोठ्या बोअरची किंमत खांदा मोजतो. जेवढा संवेग गोळीला, तेवढाच उलट्या दिशेनं रायफलीला, वर नळीतून सुटणाऱ्या वायूंचा वेगळा. म्हणजे नेमबाजाला बसणारा धक्का गव्याला बसणाऱ्या धक्क्यापेक्षा जास्त! चार किलोची .३७५ सेकंदाला पाच मीटरच्या वेगानं खांद्यावर येते. हरणांसाठी लोकप्रिय असलेल्या .३०-०६ रायफलीच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा घेऊन. दोन-चार बार काढले की शरीर शिकतं आणि घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो. अशा माणसाच्या हातात .४५८ देण्यापेक्षा, त्याला सोसवणारी .३७५ बरी. जड रायफल धक्का कमी करते, पण ती दिवसभर डोंगरातून वाहायचीही असते.

जनावराला भूल देणाऱ्या डार्ट गनमध्ये हा हिशोब उलटा होतो. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडच्या वस्तीत गवा शिरला, मागे बघ्यांची गर्दी धावली, शेवटी त्याला भूल देऊन पकडलं, पण तो वाचला नाही. भुलीच्या डार्टला कातडी भेदून स्नायूत औषध सोडायचं असतं आणि तिथंच थांबायचं असतं. त्याचा वेग रायफलीच्या गोळीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. जास्त झाला तर डार्ट आत घुसतो, हाडही मोडतो, कमी पडला तर टप्पा खाऊन खाली पडतो. म्हणून वायूचा दाब आधी अंतर मोजून ठरवतात. आणि औषध चढायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात जनावर पळत राहिलं तर अंगाचं तापमान चढतं, स्नायूंत आम्ल साठतं, आणि डार्ट अगदी बरोबर बसूनही ते दगावू शकतं.