बक्षीस, हजेरी आणि सनद : स्टॉक कार शर्यतींतल्या पैशांची पार्श्वभूमी

नॅसकार ही अमेरिकेतली स्टॉक कार (रस्त्यावरच्या गाड्यांच्या धर्तीवरच्या गाड्यांच्या) शर्यती भरवणारी संघटना. तिथल्या दोन संघांनी संघटनेवर भरलेला मक्तेदारीचा खटला ११ डिसेंबर २०२५ रोजी, सुनावणीच्या नवव्या दिवशी, शार्लटच्या फेडरल न्यायालयात तडजोडीने मिटला. बातम्यांचा सगळा झोत एका वादी मालकावर होता, कारण तो बास्केटबॉलमधला जगप्रसिद्ध खेळाडू. त्या गडबडीत दोन आकडे मागे पडले. एक गाडी वर्षभरातल्या ३८ शर्यतींना उभी करायची तर सुमारे २ कोटी डॉलर लागतात, असे साक्षीत सांगितले गेले, आणि त्यात चालकाचा पगार आणि संघाचा वरखर्च धरलेला नव्हता. संघटना आणि संघ यांच्यातल्या नव्या करारात त्याच गाडीमागे संघटनेकडून येणार होते साधारण सव्वा कोटी. उरलेले प्रायोजकाने द्यायचे, म्हणजे प्रायोजक सापडला तर.

खर्च फुगत चालला आणि बक्षीस आटत चालले, ही या खेळातली जुनी तक्रार. पहिल्या भागाबद्दल कुणाचे दुमत नाही. दुसरा मात्र तपासून घ्यावा लागतो, कारण गेल्या पंचवीस वर्षांत ‘बक्षीस’ या शब्दाचा अर्थच सरकत गेला आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. संघटना उभी राहिली तीच मुळी बक्षिसाच्या भांडणातून. १९४०च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात शर्यत संपण्याआधीच गेटवरचा गल्ला घेऊन पसार होणारे आयोजक होते. डिसेंबर १९४७मध्ये डेटोना बीचच्या एका हॉटेलात जमलेल्या मंडळींना हमी हवी होती ती एवढीच, की ठरलेली थैली, म्हणजे बक्षिसांची एकूण रक्कम, ठरल्याप्रमाणे वाटली जाईल. १९ जून १९४९ला शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ (म्हणजे कारखान्यातून आल्या तशाच गाड्यांची) शर्यत झाली. थैली ५,००० डॉलरची, विजेत्याला २,०००. पहिल्या आलेल्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा फाकवलेल्या निघाल्या. चोरट्या दारूची खेप वाहणाऱ्यांची ती जुनी युक्ती. त्याला बाद करून दुसऱ्याला बक्षीस दिले, गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. पहिल्याच शर्यतीच्या पैशांनी कोर्टाची पायरी चढलेली आहे. पुढच्या वर्षी डार्लिंग्टनला ५०० मैलांच्या शर्यतीत विजेत्याने १०,५१० डॉलर नेले. दुकानातून घेतलेली गाडी ठीकठाक करून पळवायची आणि एका विजयात तिची किंमत कितीतरी पटींनी वसूल करायची, हे गणित तेव्हा जमत होते.

चालकांनी आवाज उठवला नाही असे नाही. १९६१मध्ये युनियन करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा दोन नामवंत चालकांवर आजन्म बंदी आली (ती काही वर्षांनी उठली). १९६९मध्ये टॅलाडेगाला टायरच्या सुरक्षिततेवरून मोठमोठे चालक निघून गेले, तर संघटनेने उरलेल्यांना घेऊन शर्यत उरकली. १९७१पासून टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या आणि तंबाखू कंपनीचा पैसा या खेळाकडे वळला. लगेच पुढच्या वर्षी ४८ शर्यतींचा हंगाम ३१वर आला. पण आजच्या वादाची मुळे इतकी खोल नाहीत. ती २००१मध्ये आहेत.

त्याआधी प्रत्येक ट्रॅक आपापले प्रक्षेपण हक्क विकत असे. २००१पासून संघटनेने ते एकत्र विकले, सहा वर्षांसाठी सुमारे २४० कोटी डॉलरना. वाटणी ठरली ती अशी : ६५ टक्के ट्रॅकना, २५ टक्के बक्षिसांच्या थैलीत, १० टक्के संघटनेला. वरवर पाहता संघटनेने स्वतःसाठी सगळ्यात लहान तुकडा ठेवला. मात्र निम्म्याहून अधिक शर्यती ज्या ट्रॅकवर होत, ते ट्रॅक चालवणाऱ्या कंपनीवर संघटनेच्या संस्थापक घराण्याचेच नियंत्रण होते. २०१९मध्ये ती कंपनी संघटनेत विलीनही झाली. तळे राखी तो पाणी चाखी, यात नवल काही नाही. नवल आहे ते पाणी मोजण्याच्या पद्धतीचे. ट्रॅकवाल्यांची बाजूही खोटी नव्हती. प्रेक्षक आणायचे, स्टँड बांधायचे आणि नंतर प्रेक्षक घटले म्हणून तेच स्टँड पाडायचे, हा खर्च त्यांचाच. डेटोनाच्या ट्रॅकवर २०१६पर्यंत ४० कोटी डॉलर ओतले गेले आणि आसने दीड लाखाच्या जवळपास होती ती एक लाखावर आली.

टीव्हीच्या पैशाने थैली खरोखर फुगली. २०१०च्या आसपास ४३ गाड्यांत शेवटच्या आलेल्यालाही एका शर्यतीचे साठ-सत्तर हजार डॉलर मिळत. यातून एक चमत्कारिक धंदा उभा राहिला. गाडी पात्र ठरवायची, दहा-वीस फेऱ्या मारायच्या, ‘ब्रेक गेले’ किंवा ‘कंपन जाणवते’ असे कारण नोंदवायचे आणि गॅरेजमध्ये लावून टाकायची. टायरचे पैसे वाचले, इंजिन वाचले, पिटमध्ये (टायर-इंधनासाठी थांबायच्या जागी) माणसे ठेवायला नकोत. ‘स्टार्ट अँड पार्क’ हे त्याचे नाव. लोकांनी याला फसवणूक म्हटले. मला तो नियमांचा अगदी प्रामाणिक अर्थ वाटतो. शेवटच्या क्रमांकाचे पैसे जर गाडी आणल्याचेच असतील, तर गाडी आणावी आणि पैसे घ्यावेत. त्या लहान संघांनी सगळ्यांच्या आधी ओळखले होते की या थैलीतला मोठा भाग बक्षीस नाही, हजेरी आहे.

मोठ्या संघांचे दुखणे वेगळे होते. २००८च्या मंदीनंतर संपूर्ण हंगामाचा खर्च उचलणारा एकच प्रायोजक मिळेनासा झाला. चार शर्यतींना हा, सहा शर्यतींना तो, अशी ठिगळे जोडावी लागत. आणि संघ बंद पडला की विकायला काय उरायचे? वापरलेल्या गाड्या, लेथ, ट्रेलर, तेही भंगाराच्या भावात. तीस-तीस वर्षे घालवलेल्या मालकाकडे ‘संघ’ म्हणून विकण्याजोगे काहीच नसे. २०१४मध्ये मोठ्या मालकांनी आघाडी केली आणि ९ फेब्रुवारी २०१६ला चार्टरची पद्धत जाहीर झाली.

चार्टर या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. मराठीत त्याला ‘सनद’ हा नेमका शब्द आहे, आणि सनदेचे काय होते ते आपल्याकडच्या जुन्या दफ्तरांत भरपूर वाचायला मिळते. ३६ सनदा वाटल्या गेल्या, एका शर्यतीतल्या गाड्या ४३वरून ४०वर आणल्या, उरलेल्या चार जागा ‘ओपन’ गाड्यांसाठी. सनदवाल्याला प्रत्येक शर्यतीत जागा पक्की. त्याला मिळणारे पैसे चार वाटांनी येत : नुसते हजर राहण्याचे, मागच्या तीन वर्षांच्या कामगिरीचे, त्या दिवशीच्या क्रमांकाचे आणि वर्षअखेरच्या गुणनिधीतले (हंगामभराच्या गुणांवर वाटला जाणारा निधी). ओपन गाडीला यातले फार थोडे. मिरासदार (गावात वंशपरंपरेने हक्क असलेला) आणि उपरी (हक्काविना बाहेरून आलेला) हा भेद ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजवायला नको.

पण ही सनद वतनाची नव्हती. ती मुदतीची होती. विकता येत होती, ठरावीक अटींवर भाड्याने देता येत होती, आणि सलग तीन वर्षे सनदधारकांत तळाच्या तिघांत राहिले तर काढूनही घेता येत होती. मालक तिला मालमत्ता म्हणत, बँकेपुढे ठेवत. संघटनेच्या लेखी तो एक करार होता, मुदत संपली की नव्याने लिहायचा. दोघेही एकाच कागदाबद्दल बोलत होते. पुढची सगळी भांडणे या एका विसंगतीतून निघाली.

सनदा वाटल्या कशा, हेही लोक विसरत चालले आहेत. निकष असा, की २०१३पासून तीन वर्षे प्रत्येक शर्यतीत गाडी आणलेली हवी. ऐकायला सरळ. परिणाम असा, की १९५०पासून गाड्या पळवणारा, खेळातला सर्वांत जुना कौटुंबिक संघ रिकाम्या हाताने राहिला, कारण पैशांअभावी त्या वर्षांत तो निवडक शर्यतीच खेळला होता. आणि २०१५च्या अखेरीस बंद पडलेल्या एका संघाला दोन सनदा मिळाल्या, कारण त्याची तीन वर्षे भरलेली होती. त्या दोन्ही त्याने लगेच मोठ्या संघांना विकल्या. एकीची किंमत १ कोटी ३५ लाख डॉलर असल्याचे तेव्हा छापून आले. या बंद संघाचा एक भागीदार मालकांच्या आघाडीचा अध्यक्ष होता. नियम मोडला असे कुणी सिद्ध केलेले नाही, आणि निकष सर्वांना एकच होता हेही खरे. तरी जो शर्यतीत उतरणार होता त्याला जागा नाही आणि जो उतरणार नव्हता त्याच्याकडे विकायला दोन, हे दृश्य विसरता येत नाही.

त्याच वर्षापासून आणखी एक गोष्ट गुपचूप बंद झाली. प्रत्येक शर्यतीनंतर कुणाला किती मिळाले ती यादी जाहीर होईनाशी झाली. २०१५ची डेटोना ५०० ही शर्यत जिंकणाऱ्याने १५ लाख डॉलरहून अधिक नेले, हे आपल्याला माहीत आहे. २०१६च्या विजेत्याचा आकडा अधिकृतपणे माहीत नाही. ‘बक्षीस घटले’ असे म्हणणाऱ्याला आज खोडताही येत नाही आणि मान्यही करता येत नाही, ते यामुळे.

खर्चाची गोष्ट छोटी आहे, कारण ती पुन्हा पुन्हा तीच आहे. काटकसरीचा प्रत्येक नियम खर्च एका खिशातून दुसऱ्या खिशात हलवतो. २००९पासून ट्रॅकवरच्या चाचण्या बंद केल्या. संघांनी विंड टनेल (वाऱ्याच्या झोतात गाडी तपासायचा बोगदा) आणि सिम्युलेटरवर पैसे ओतले. २०२२मध्ये आलेल्या ‘नेक्स्ट जेन’ गाडीचे आश्वासन मोठे होते. सांगाडा एकाच कारखान्याचा, सुटे भाग ठरलेल्या पुरवठादारांचे, एका गाडीक्रमांकाला सातच सांगाडे. पूर्वी संघ डझनावारी गाड्या बांधत. आता पत्रा ठोकणारे, वेल्डिंग करणारे कारागीर कमी झाले आणि कॅटलॉगमधून भाग मागवणे वाढले. पूर्वी धडकेनंतर रात्रभर बसून सांगाडा सरळ करत, आता तो भाग विकत घ्यायचा. त्यातच पहिल्याच वर्षी मागच्या धडकांत चालकांच्या डोक्याला मार बसल्यावर गाडीचा मागचा भाग बदलावा लागला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. ऑक्टोबर २०२२मध्ये चार संघांचे प्रतिनिधी शार्लटमध्ये पत्रकारांसमोर बसले आणि हे अर्थकारण मोडलेले आहे असे उघड म्हणाले. त्यांच्या हिशेबाने संघाचे ६० ते ८० टक्के पैसे प्रायोजकांकडून येत होते.

ते खोटे वाटत असेल तर डेन्व्हरच्या संघाकडे पाहावे. २०१७चे विजेतेपद त्याने मिळवले आणि २०१८च्या हंगामानंतर कुलूप लावले, कारण मुख्य प्रायोजक निघून गेला. त्याची सनद ६० लाखांना गेली असे तेव्हा छापले गेले. २०२३मध्ये एका सनदेला ४ कोटी पडल्याची बातमी आली. संघटनेच्या बाजूने बोलणारे इथे बोट ठेवतात आणि त्यांचा मुद्दा हलका नाही. २०१६मध्ये फुकट मिळालेला कागद आज कोट्यवधींचा आहे, मग गरिबी कसली? उत्तर असे, की जमिनीचा भाव वाढल्याने शेतकऱ्याचे पीक वाढत नाही. विकली तरच पैसा, आणि विकली की खेळ संपला.

टीव्हीचा नवा करार २०२५ ते २०३१चा, सात वर्षांचे सुमारे ७७० कोटी डॉलर. आधीचा दहा वर्षांचा ८२० कोटींचा होता, म्हणजे वार्षिक रक्कम चांगलीच वाढली. त्यातून सनदेचे नूतनीकरण आले. संघांना चार गोष्टी हव्या होत्या : अधिक वाटा, कायमस्वरूपी सनद, निर्णयांत आवाज आणि नव्या धंद्यांत हिस्सा. दोन वर्षांहून अधिक चर्चेनंतर ६ सप्टेंबर २०२४च्या संध्याकाळी शंभराहून अधिक पानांचा अंतिम मसुदा आला, सही मध्यरात्रीपर्यंत करायची. १५पैकी १३ संघांनी केली. दोघांनी केली नाही आणि ऑक्टोबरमध्ये ते कोर्टात गेले. सनद टिकवणारा मनाई हुकूम मिळाला, अपिलात तो गेला, आणि जुलै २०२५पासून त्यांच्या सहा गाड्या ओपन म्हणून, उपऱ्यांसारख्या धावल्या. खटल्यात त्या दोघांपैकी एका मालकाने सांगितले, की २००० नंतरच्या दशकात सुरुवात केल्यापासून त्याने एकदाही नफा पाहिलेला नाही आणि तोटा १० कोटी डॉलरच्या घरात आहे. २०२१ची डेटोना ५०० त्याच्या गाडीने जिंकलेली आहे.

तडजोडीत सनदा कायमच्या झाल्या, सही केलेल्या तेरा संघांच्यासुद्धा. कागद आता वतनाचा आहे. ओपन जागा होत्या तेवढ्याच आहेत.

२०२५च्या डेटोना ५००ची थैली ३ कोटी ३ लाख डॉलरची जाहीर झाली होती. या आकड्यात सगळ्या क्रमांकांचे पैसे, सनदेपोटी मिळणारे पैसे, मागील कामगिरीचे पैसे आणि वर्षअखेरच्या निधीतला वाटा असे सारे एकत्र धरलेले असते. त्यातले त्या रात्री जिंकणाऱ्याला किती, ते जाहीर झालेले नाही.