गरोदरपणातली दारू आणि मूल : बडोद्यात मदत कुठून सुरू करायची

मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. १९६० साली गुजरात वेगळे झाले तेव्हा तो इथे तसाच चालू राहिला. या बंदीचा एक परिणाम बालरोगतज्ज्ञांच्या खोलीत दिसतो. मूल सातवीत गेले तरी घड्याळ कळत नाही, काल पाठ असलेला पाढा आज आठवत नाही, वर्गात एका जागी बसवत नाही, अशा तक्रारी घेऊन आईवडील येतात. जन्माच्या वेळचे वजन विचारले जाते, झटके विचारले जातात, घरात आणखी कुणाला असे आहे का तेही विचारले जाते. गरोदरपणी दारू पोटात गेली होती का, हा प्रश्न सहसा राहून जातो. आईही भीतीने आणि लाजेने आपण होऊन सांगत नाही. मग एफएएसडी, म्हणजे फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसॉर्डर (पोटात असताना दारू लागल्याने मुलाच्या मेंदूत आणि शरीरात होणारे बिघाड), हे निदान कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आईच्या रक्तातले अल्कोहोल वारेतून बाळाच्या रक्तात उतरते आणि थोड्याच वेळात दोघांच्या रक्तातले प्रमाण जवळपास सारखे होते. आईचे यकृत ते मोडून टाकते. बाळाच्या यकृतात त्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) फारच कमी असते. शिवाय बाळाच्या लघवीतून अल्कोहोल गर्भजलात येते आणि बाळ तेच पाणी पुन्हा गिळते, त्यामुळे आईची नशा उतरली तरी बाळाची सुटका लगेच होत नाही. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, पाळी चुकून जेमतेम काही दिवस झालेले असताना, चेहऱ्याची ठेवण बिघडू शकते. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. म्हणूनच ‘तीन महिने उलटले, आता थोडी चालेल’ हे म्हणणे चूक आहे, आणि कोणत्याही महिन्यात दारू थांबवली तरी बाळाचा फायदाच होतो.

१९७३ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी या आजाराच्या सर्वांत ठळक रूपाचे वर्णन केले. चेहऱ्यावरच्या खुणा तीन : डोळ्यांची फट आखूड, नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली पन्हळ सपाट, आणि वरचा ओठ बारीक. या अंदाजाने ठरवायच्या नसतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून वयाच्या तक्त्याशी ताडतात, ओठ आणि पन्हळ नमुन्याच्या चित्रांशी जुळवून पाहतात. मूल हसले की ओठ ताणला जातो, पन्हळ नाहीशी होते आणि नसलेली खूण दिसू लागते. डॉक्टरांना दाखवायला फोटो काढायचा तर समोरून, उजेडात, ओठ अलगद मिटलेले असताना काढावा. वयात येताना या खुणा पुसट होऊ शकतात, त्यामुळे दोन ते सहा वर्षांच्या वयातले जुने फोटोही सोबत न्यावेत.

पण हा चेहरा असणारी मुले थोडी. बहुतेकांचा चेहरा चारचौघांसारखा असतो आणि बिघाड फक्त मेंदूच्या कामात असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार दर हजार मुलांमागे सुमारे ७.७ जणांना एफएएसडी असते, आणि गरोदरपणी दारू घेणाऱ्या साधारण १३ स्त्रियांपैकी एकीच्या मुलाला ते होते.

ही मुले शाळेत हमखास ‘आळशी’ किंवा ‘खोटारडी’ ठरतात. बुद्ध्यांक ८५-९० येऊ शकतो, आणि तरी तेच मूल दुकानातून उरलेले पैसे बरोबर आणू शकत नाही. म्हणून फक्त बिने-कामत किंवा मालीनची बुद्धिमापन चाचणी करून थांबू नये. रोजचे व्यवहार मापणारी व्हाइनलँड चाचणी, आणि लक्ष, स्मरणशक्ती, भाषा यांच्या स्वतंत्र चाचण्या मागून घ्याव्यात. ‘खोटे’ हे पुष्कळदा स्मरणातली भोके जे सुचेल त्याने बुजवणे असते. त्याला मार देऊन काहीही साधत नाही, कारण कालची चूक आणि आजची शिक्षा यांची सांगड घालणारे मेंदूतले कामच कच्चे असते.

बडोद्यात सुरुवात सयाजी हॉस्पिटलच्या बालरोग ओपीडीपासून करता येते. सरकारी मार्ग राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा, २०१३ साली सुरू झालेला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जातात, आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलाला जिल्ह्याच्या ‘डीईआयसी’कडे, म्हणजे लवकर उपचार केंद्राकडे, पाठवतात. मूल खासगी शाळेत असेल तर पथकाची वाट पाहू नये, केंद्राची चौकशी थेट करावी. तिथे गेल्यावर ‘एफएएसडीची तपासणी करा’ एवढेच म्हणून भागत नाही. काय जमत नाही ते सांगावे : दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी विसरतो, मोठा आवाज सहन होत नाही, शर्टाची बटणे लागत नाहीत. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि विशेष शिक्षण या अडचणींवर सुरू होते, निदानाच्या नावासाठी अडून राहत नाही.

फाइलमध्ये ममता कार्ड (गरोदरपण आणि बाळाच्या नोंदींचे सरकारी कार्ड), जन्माचे वजन, डोक्याच्या घेराच्या जुन्या नोंदी आणि शाळेच्या वह्यांची दोन-चार पाने ठेवावीत. दारूची माहिती आकड्यांत लिहावी : कोणती, किती मिली, आठवड्यातून किती दिवस, कोणत्या महिन्यापर्यंत. ३० मिली व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिली बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे अशा चार पेगांइतके. ‘नुसती बियर’ हा शब्द इथे फसवतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, म्हणून एकांतात का होईना, खरे सांगावे. मूल दत्तक असेल आणि आईचा इतिहास मिळत नसेल, तरी तिन्ही खुणा स्पष्ट असून मेंदूवरचा परिणामही दिसत असेल तर निदान होऊ शकते. श्रवण, डोळे आणि हृदय यांची तपासणी सोबतच करून घ्यावी. तसाच चेहरा देणारे जनुकीय आजार आणि गरोदरपणी घेतलेली व्हॅल्प्रोएटसारखी फिटची औषधे डॉक्टरांना आधी वगळावी लागतात.

घरी एका वेळी एकच सूचना द्यावी, तीही नाव घेऊन, नजर आपल्याकडे आल्यावर. दप्तर, चप्पल, डबा यांच्या जागा बदलू नयेत. सकाळची कामे चित्रांच्या क्रमाने भिंतीवर लावावीत आणि महिनोन्महिने तीच ठेवावीत. वडीलधाऱ्यांना हा अतिलाड वाटेल, पण सहा वर्षांच्या आत निदान आणि स्थिर घर मिळालेल्या मुलांचे पुढचे हाल कमी होतात, हे अभ्यासांत दिसले आहे.

अपंगत्वाच्या दाखल्याबाबत गोंधळ होतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एफएएसडीचे नाव नाही. बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता किंवा ऑटिझम, यांपैकी जे तपासणीत ठरेल त्याखाली यूडीआयडीसाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करावा. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागते. बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम ठरल्यास नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचे आरोग्य कवच मिळते. फक्त अध्ययन अक्षमता असेल तर मिळत नाही.

आपल्या मराठी घरांत एक बाटली नजरेतून सुटते. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट यांच्या लेबलवर बारीक अक्षरांत ‘स्वनिर्मित अल्कोहोल ५ ते १० टक्के’ अशा अर्थाची ओळ असते. २० मिलीच्या मात्रेत ते एक-दीड ग्रॅम भरते. दिवस गेल्याचे कळण्याआधी दोन चमचे घेतले म्हणून धास्तावू नये, पण गरोदरपणात निर्धोक ठरलेले प्रमाण कोणतेच नाही, तेव्हा वैद्यांकडून अल्कोहोलविरहित काढा मागून घ्यावा.

नवरा पितो, बायको पीत नाही, अशा घरांतूनही मुलाला एफएएसडी झाले असेल का, ही शंका येते. एफएएसडीचे निदान गर्भाला आईच्या रक्तातून मिळालेल्या दारूवर आधारलेले आहे. तरीही ज्या घरात नवरा रोज पितो तिथे बायकोने सोडणे अवघड जाते, म्हणून उपचाराला दोघांनी जावे. रोज भरपूर पिणाऱ्या गरोदर स्त्रीने घरच्या घरी एकदम बंद करू नये. ६ ते ४८ तासांत हात थरथरणे, घाम, झटके येऊ शकतात आणि ते आई-बाळ दोघांना घातक असते. तिला रुग्णालयात दाखल करून, थायमिन आणि औषधांच्या आधाराने दारू सोडवतात. सयाजीतले स्त्रीरोग आणि मानसोपचार विभाग, किंवा कारेलीबागेतले मानसिक आरोग्य रुग्णालय इथे विचारावे. रात्रीबेरात्री टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे क्रमांक मोफत आहेत. झटका आला तर मात्र फोनवर सल्ला घेत बसू नये, १०८ बोलवावी.