झुलत्या जहाजाचा फोटो नेमका कधी काढावा?

मनोरंजन पार्कातलं झुल्याचं जहाज सगळ्यात जास्त धावतं ते अगदी खाली, आणि हौशी फोटोग्राफर बटण दाबतो तेही नेमकं तेव्हाच, कारण तेव्हा पोरं सगळ्यात जवळ असतात. फोटोत मग चेहऱ्यांच्या जागी रंगांचे पट्टे उमटतात.

जहाजाचं टोक 10 मीटर उंचीवरून खाली येत असेल, तर तळाशी त्याचा वेग सेकंदाला 14 मीटर, म्हणजे ताशी साधारण 50 किलोमीटर होतो. शटर 1/250 सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात चेहरा साडेपाच सेंटिमीटर सरकतो. 20 मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी सुमारे 5,400 पिक्सेल असते. चौकटीत 10 मीटरचा देखावा मावत असेल तर 15 सेंटिमीटरच्या चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम 80 पिक्सेल येतात, आणि त्यातले 30 फरफटतात. 'स्टॅबिलायझेशन' चालू असूनही असं होतं, कारण ते फक्त आपल्या हाताचा थरकाप सावरतं. पोरांची हालचाल नाही.

वरच्या टोकाला मात्र जहाज क्षणभर थबकतं. दिशा बदलायची तर वेग शून्यावर यावाच लागतो. त्या क्षणाच्या एक दशांश सेकंद अलीकडे-पलीकडेही वेग सेकंदाला मीटरभरच असतो, त्यामुळे 1/250 वर चेहरा जेमतेम दोन पिक्सेल हलतो. आणि भीतीही चेहऱ्यावर तिथेच खरी उतरते!

कॅमेरा 'एस' किंवा 'टीव्ही' (Tv) मोडवर टाका, म्हणजे शटरचा वेग आपल्याला ठरवता येतो. शटर 1/250 ते 1/500 ठेवा, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. पहिल्या फेरीत टोक कुठवर चढतं ते नुसतं पाहा. पुढच्या फेरीत जहाज तिथे आलं की बटण अर्धं दाबून फोकस पकडा आणि बोट तसंच ठेवा. जहाज परत तिथे पोचण्याच्या किंचित आधी बटण पूर्ण दाबा, बर्स्ट (एकामागून एक सलग फोटो) चालू ठेवून. सेकंदाला 10 फोटो निघत असतील तर त्यातला एखादा हमखास थबकलेल्या क्षणाचा असतो. ऐन वेळी फोकस शोधायला लावलं की छोटा कॅमेरा घुटमळतो आणि जहाज निघून जातं.

रोलर कोस्टर थबकत नाही, पण चढाच्या माथ्यावर मंदावतो. खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कातला 'नायट्रो' हा कोस्टर ताशी 105 किलोमीटरपर्यंत जातो. एवढ्या वेगात 1/1000 सेकंदातही डबा तीन सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणून डबा आडवा जाताना टिपण्यापेक्षा समोरून अंगावर येताना टिपावा, चौकटीतली त्याची सरक कमी असते. फ्लॅश बंदच ठेवा. त्याचा उजेड काही मीटरांपुढे पोचत नाही.

संध्याकाळी मेरी-गो-राउंडला हिशोब उलटा. शटर 1/30 वर आणा आणि घोड्याच्या वेगानेच कॅमेरा फिरवा. मूल बऱ्यापैकी स्पष्ट आणि मागचे दिवे रेघांसारखे येतात. पहिले काही फोटो वाया जाणारच. व्हिडिओत दिवे लुकलुकत असतील तर त्याचं कारण आपली 50 हर्ट्झची वीज. बरेच एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. मेनूत 'पाल' (PAL, 50 हर्ट्झच्या विजेला जुळणारी व्हिडिओ पद्धत) निवडून सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवलं की लुकलुक बहुतेक वेळा जाते.

कॅमेरा घेऊन राइडवर बसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. 300 ग्रॅमचा कॅमेरा 20 मीटरवरून निसटला तर खालच्या माणसावर ताशी 70 किलोमीटरने आदळेल.

बर्फाच्या गार दालनातून बाहेर पडण्यापूर्वी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा काढा आणि अर्धा तास पिशवी उघडू नका. बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प मग गार भिंगावर न जमता पिशवीवर जमतं. पाण्याच्या खेळांसाठी वॉटरप्रूफ कॅमेराच हवा, पण त्याच्या झाकणाच्या रबरावर एक केस जरी अडकला तरी पाणी आत शिरतं. तिथे बॅटरी बदलायची झाली तर आधी हात आणि कॅमेरा दोन्ही कोरडे करा.