सामूहिक आघात (शहरी वंचित वस्त्यांतील)

एकामागून एक संकटे झेलणाऱ्या वस्तीत माणसांचा एकमेकांना असलेला आधारच उसवतो, त्या अवस्थेला सामूहिक आघात म्हणतात. ही एकेकट्याच्या दुःखांची बेरीज नव्हे. १९७२ साली अमेरिकेतील बफेलो क्रीक खोऱ्यात कोळसा खाणीचा बांध फुटून १२५ माणसे दगावली. वाचलेल्यांना तात्पुरती घरे मिळाली, पण जुना शेजार विखुरला, आणि लोक त्यानेच अधिक खचले, असे समाजशास्त्रज्ञ काई एरिक्सन (Kai Erikson) यांनी मांडले. पुढे मनोविकारतज्ज्ञ मिंडी फुलिलव्ह यांनी अमेरिकी शहरांतील पाडल्या गेलेल्या कृष्णवर्णीय वस्त्यांची अवस्था उपटून लावलेल्या रोपासारखी असल्याचे दाखवले.

बेळगावात ही वीण समजून घ्यायची तर शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या गल्ल्यांत जावे लागते. इथे माग घरातच असतो. तो थांबला की चूल, मुलांची शाळा, भिशीचा हप्ता, सगळेच थांबते. ऑगस्ट २०१९मध्ये जिल्ह्यात महापूर आला. त्यातून सावरण्याआधी, मार्च २०२०मध्ये, ऐन लग्नसराईच्या तोंडावर टाळेबंदी लागली आणि विणलेल्या साड्या घरातच पडून राहिल्या. अशा वेळी प्रत्येक घर सारखेच बुडालेले असते. उसने मागायचे कोणाकडे? शेजाऱ्याचे दार टाळावे लागणे हाच या आघाताचा गाभा आहे.

सीमाभागातील मराठी घरांत याखाली आणखी एक थर आहे. १७ जानेवारी (१९५६) आणि १ जून (१९८६) या दिवशी सीमालढ्यातील गोळीबारात बळी गेलेल्या हुतात्म्यांना आजही अभिवादन होते. गोळीबाराच्या वेळी जन्मलेही नव्हते ते तरुण बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी उभे राहतात. १ नोव्हेंबर हा मराठी घरात काळा दिवस, तर कन्नड शेजाऱ्याकडे राज्योत्सव. मात्र सुताचा भाव चढला की फटका दोघांनाही सारखाच बसतो. म्हणून या वस्त्यांचे दुखणे केवळ सीमाप्रश्नात मोजणे अपुरे ठरते.

कर्नाटकातच, १९८०च्या दशकात, बळ्ळारी जिल्ह्यात मानसिक आरोग्यसेवा प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेण्याचा प्रयोग झाला. १९९६ साली सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यावरच बेतला. तो मोलाचा आहे, पण त्याची नजर एकट्या रुग्णावर असते. शिवाय मनातले सांगायला मायबोली लागते. विणकर गल्लीत बायका कांड्या भरता भरता ‘जीव लागत नाही बघ’ असे एकमेकींना सांगतात. दवाखान्याच्या कागदावर ते बहुधा अंगदुखी म्हणून उतरते.