गडी (स्पॅनिश प्रतिशब्द)

सातारा-सांगलीकडच्या बोलीत कामाला ठेवलेला माणूस, खेळातला जोडीदार आणि नुसता पुरुष (‘गडीमाणूस’) या तिन्ही अर्थांनी ‘गडी’ चालतो. संतवाङ्मयातले कृष्णाचे गडी खेळगडी आहेत. चाकर हा अर्थ बहुधा नंतरचा असावा. एवढे सगळे पेलणारा एकच शब्द स्पॅनिशमध्ये नाही. तिथे मजुरी, वय की खेळ, यांतले काय सांगायचे ते आधी ठरवावे लागते.

मिरजेत बांधकामावर परांचीवरचा गवंडी ‘माल!’ म्हणून ओरडतो आणि खालून घमेले घेऊन बिगारी चढतो. हा बिगारी स्पॅनिशमध्ये ‘पेओन’. शब्द उत्तरकालीन लॅटिन ‘पेदो’वरून आला. आधी पायी चालणारा, मग पायदळातला सैनिक आणि पुढे अंगमेहनतीचा मजूर, असा त्याचा अर्थ सरकत गेला. बुद्धिबळातले प्यादेही पेओनच. मराठी ‘प्यादे’ फार्सी ‘पियादा’वरून आले, म्हणजे त्याच्याही मुळाशी पायच, लॅटिन ‘पेस’, फार्सी ‘पा’ आणि संस्कृत ‘पद्’ एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. कचेरीतला ‘प्यून’ इंग्रजीतून आला, पण त्यामागे स्पॅनिश नव्हे तर मुख्यतः पोर्तुगीज ‘पेआंव’ आहे असे मानतात व तेच सयुक्तिक वाटते. मराठीने त्याला ‘शिपाई’ केले. तोही सैन्यातलाच शब्द, हा योगायोग मौजेचा. लॅटिन अमेरिकेतल्या जमीनदारीत मजूर कर्जापोटी बांधले गेले आणि ‘पेओन’ला वेठीची छटा चिकटली. ऊसतोडीची उचल घेऊन आलेल्या टोळीबद्दल लिहिताना हे ध्यानात ठेवावे. साध्या रोजंदाराला ‘खोर्नालेरो’ बरा. ‘खोर्नाल’ म्हणजे दिवसाची मजुरी, आपल्या ‘रोजा’सारखीच.

हॉटेलातल्या ‘पोऱ्या’च्या जवळचा शब्द ‘मोसो’ (स्पेनच्या बहुतेक भागात उच्चार ‘मोथो’). दोहोंत वयावरूनच नोकर ठरतो. ‘मोसो’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काहींनी तो लॅटिन ‘मुस्तेउस’वरून, म्हणजे नव्या द्राक्षरसासारखा ताजा या अर्थावरून, काढला. द्राक्षे पिकवणाऱ्या तासगावकरांना हे पटकन रुचेल. दुसरे मत त्याला बास्क भाषेतल्या ‘मोत्स’शी (आखूड, कातरलेला) जोडते, मुलांचे केस कातरलेले असत म्हणून. ‘मुचाचो’ (मुलगा) हा शब्दही ‘मोचो’शी (बोडका) जोडला जातो, हे पाहता दुसऱ्या मताकडे कल ठेवणे योग्य. अर्जेंटिनात मोसो म्हणजे वाढपी, स्पेनमध्ये गोदामातला हमालही. ‘क्रिआदो’चा मूळ अर्थ ‘पोसलेला, वाढवलेला’. घरगड्याला तो शब्दशः जुळतो, पण आता जुनाट व कमीपणाचा वाटतो.

कबड्डीत ‘गडी बाद’ म्हणतात तेव्हा यांतला एकही शब्द उपयोगाचा नाही. सोबतच्या खेळगड्याला ‘कोम्पान्येरो’ हवा. ‘कोम’ म्हणजे सोबत, ‘पान’ म्हणजे पाव, थोडक्यात एका भाकरीतला. संघात करार करून आणलेला नवा गडी ‘फिचाखे’, कचेरीत नव्याने रुजू झालेला ‘नुएवा इन्कोर्पोरासिओन’. ‘नोवातो’ म्हणजे नवखा. तोंडावर म्हटल्यास टोमणा वाटू शकतो. ‘आयुदान्ते’ हा सर्वत्र चालणारा मदतनीस. स्वयंपाकघरातल्या हाताखालच्या माणसाला स्पेनमध्ये ‘पिंचे’ म्हणतात. मेक्सिकोत मात्र तो शिवराळ शब्द आहे.