प्रज्वलन-दोषनिदान, जुन्या पेट्रोल एंजिनातील

पॉइंट (उघडझाप करणारे विद्युत् संपर्क), कंडेन्सर (विद्युत् साठवणारा धारक) व कॉइल (विद्युत् दाब वाढवणारे वेटोळे) असलेल्या जुन्या पेट्रोल एंजिनात ठिणगी का पडत नाही, क्षीण का पडते वा अवेळी का पडते, याचा शोध. गॅरेजात यालाच ‘करंट बघणे’ म्हणतात. डिझेल एंजिनात ठिणगी नसते. त्यामुळे खानदेशातील डिझेल पंपसंच येथे विचारात घेतलेले नाहीत.

ठिणगीने वायू पेटवण्याची कल्पना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्होल्टा यांच्या प्रयोगांत आढळते. लन्वार यांच्या १८६० च्या एंजिनात रूमकोर्फ यांचे प्रवर्तन वेटोळे (कॉइलचाच प्रकार) होते. मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीविना चुंबकाच्या साहाय्याने ठिणगीची वीज निर्माण करणारे उपकरण, प्रथम कोणी वापरला, हा मात्र वादाचा विषय. मार्कुस यांची मॅग्नेटो असलेली गाडी १८७५ च्या सुमाराची मानून काही लेखक त्यांना अग्रमान देत. ती १८८८-८९ ची असावी हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. बॉश यांचा १८८७ चा मॅग्नेटोही डॉइट्स या जर्मन कंपनीच्या एंजिनावरील उपकरणावर बेतलेला होता. उच्च विद्युत् दाबाचा मॅग्नेटो त्यांच्याच कारखान्यात होनोल्ट यांनी १९०२ च्या सुमारास सिद्ध केला. बॅटरी-कॉइल पद्धती अमेरिकेत केटरिंग यांच्यामुळे १९१० च्या आसपास रूढ झाली.

पॉइंट उघडताच कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात सु. २००-३०० व्होल्ट दाब उसळतो. सु. ०·२ ते ०·३ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर तो झेलतो, म्हणून पॉइंटांत ज्योत पडत नाही व दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्ट मिळतात. पॉइंटांत डोळ्यांना खुपेल अशी निळी-पांढरी ठिणगी दिसली, तर प्रथम संशय कंडेन्सरचा. पॉइंटांचे चेहरेही बोलतात : एकावर खड्डा व समोरच्यावर उंचवटा असेल, तर कंडेन्सरची धारिता (विद्युत् साठवण्याची क्षमता) योग्य नाही. ऋण टोकावर खड्डा म्हणजे धारिता कमी, असा जुन्या दुरुस्ती-पुस्तिकांचा ठोकताळा. तो एकट्याने निर्णायक मानू नये. पॉलिश पेपरने घासल्यावर मागे राहिलेली भुकटीही करंट अडवते, हे पुष्कळदा विसरले जाते. उघडलेल्या पॉइंटांतील अंतर सर्वसाधारणपणे ०·४ मिमी.च्या आसपास ठेवतात. नेमका आकडा त्या-त्या एंजिनाचा.

जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५° से.च्या वर जातो, तेव्हा निदान चकवते. गाडी तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने मुकाट सुरू होते. तापलेला कंडेन्सर किंवा कॉइल जसा असा दगा देतो, तसेच नळीत पेट्रोलची वाफ झाल्यानेही घडते. एंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओले फडके टाकल्याने गाडी सुरू झाली, तर दोष पेट्रोलचा. ते जमले नाही, तर बंद पडल्याच क्षणी प्लग काढून, तारेला जोडलेलाच एंजिनाच्या हेडवर टेकवून किक मारावी. काढलेल्या भोकापासून तो दूर धरावा, तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी निळी व कडकडीत असेल, तर प्रज्वलन निर्दोष समजावे. पिवळी, मंद असेल, तर नाही. गाडी थंड झाल्यावर केलेली तपासणी व्यर्थ.

पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या लहान पाण्याच्या पंपांत बॅटरी नसते, चाकातच मॅग्नेटो असतो. त्यांत बिघाड बहुधा प्लगवर बसलेल्या काजळीचा. पावसाळ्यात ओल्या तारेतून करंट गळतो. अंधारात तार निळसर चमकताना दिसते.